साठ मडक्यांची दोरी

ऑक्टोपसने मनगट सोडलं की कातडीवर बारीक गोल वळ उठतात. शाझलीच्या मनगटावरचे वळ मावळायला साधारण तासभर लागे. एकोणीस वर्षं मोंजी ते मावळताना बघत आला होता. हात कधी लावला नव्हता.

होडी दोघांत एक, दोरीही एक. तिला साठ मडकी बांधून केर्केना बेटाभोवतीच्या उथळ समुद्रात सोडायची. आसरा शोधत ऑक्टोपस आत शिरतात. दोन दिवसांनी शाझली दोरी ओढणार, मोंजी मडकी रचणार.

आज तिसावं मडकं वर आलं आणि दोरी संपली.

"बाकीची कुठंय?" मोंजीने विचारलं.

"परवा एकट्याने सोडली तेव्हाच कापली. तुझी तीस मडकी शेडमध्ये वेगळी ठेवलीत." शाझली पाण्याकडे बघत होता. "उद्या तुझं लग्न ठरतंय. मग तू पलीकडे स्फाक्स शहरात, सासऱ्याच्या दुकानात. कधीतरी वाटणी होणारच ना."

"मला न विचारता?"

"तू मला विचारलं होतंस?"

मोंजीने सुकाणू धरलं. होडी किनाऱ्याकडे वळली.

"तुझ्या ताईने मलाही बोलावलंय," शाझली म्हणाला. "मुलीकडची माणसं लग्न पक्कं करायला फातिहा म्हणतील तेव्हा जुना मित्र म्हणून तुझ्या शेजारी बसायचं. निळा शर्ट घाल म्हणाली, त्याला मासळीचा वास येत नाही म्हणे."

"त्यालाही येतो."

"माहितेय मला. तुला कसं माहीत?"

मोंजी मडकी रचत राहिला. अकरा वर्षांत ताईने सात स्थळं आणली, सातही वेळा तो "बघू" म्हणाला. आठव्या वेळीही तेच म्हणाला, आणि ताईने तो होकार धरला. मुलगी शाळेत शिकवायची. शांत, समजूतदार होती. तिच्यापुढे "बघू" म्हणणं म्हणजे आता सरळ फसवणूक होती.

शेडमध्ये शिरताच त्याने दुसरी तीस मडकी बाहेर ओढली. उंबऱ्यावर बसून दोरीच्या कापलेल्या दोन्ही टोकांचे तीन-तीन पीळ उकलले आणि एकमेकांत गुंफायला घेतले.

"गाठ मार की. कशाला वेळ घालवतोस?"

"गाठ सुटते."

शाझली त्याच्यासमोर उकिडवा बसला. "मोंजी, नीट विचार कर. लोक बोलतील."

"आत्ता काय गप्प आहेत?"

"आत्ता थट्टा करतात. मग थट्टा नसेल ती."

"ठाऊक आहे." मोंजीने शेवटचा पीळ दातांनी घट्ट ओढला. मग शाझलीचं मनगट हातात घेतलं. दोन वळ अजून उरले होते. त्यांवर त्याने अंगठा ठेवला. शाझलीने हात मागे घेतला नाही.

"इतकी वर्षं लागली तुला," शाझली पुटपुटला.

"तुला नाही लागली?"

मोंजीच्या खिशातला फोन वाजला. झोहराताई होती. त्याने मनगट न सोडता डाव्या हाताने फोन उचलला.

"अरे, शर्टाला इस्त्री झाली का? आणि त्या शाझलीला सांग, वेळेवर ये म्हणावं."

"ताई, मुलीच्या घरी आजच कळव. मी उद्या येणार नाही. दोष मुलीचा नाही, माझा आहे, हेही सांग."

"म्हणजे? आणि मग करणार काय आहेस तू?"

मोंजीने शाझलीकडे पाहिलं.

"मी इथेच राहणार आहे, ताई. शाझलीबरोबर. जन्मभर."