अर्ध्या तिकिटाची रेघ

जिराफाला आवाज नसतो असं कुणी शिकवलं असेल तर ते विसरा. मी जिराफ आहे आणि मी बोलणार आहे. खरा नाही, प्लायवूडचा. खऱ्या जिराफाला पाला ओरबाडायचा असतो, पिलं सांभाळायची असतात. मला बारा-तेरा वर्षं एकच काम होतं, माणसं बघायचं. त्यामुळे सांगण्यासारखं माझ्याकडे जास्त आहे.

शहराबाहेरच्या एका मोठ्या मनोरंजन पार्कच्या गेटवर, तिकीटखिडकीला लागून मी उभा असायचो. पार्क उघडायला चार दिवस उरले होते तेव्हा सुताराने मला घाईघाईत कापलं. एक पाय आखूड झाला. त्याने खाली फळीचा तुकडा ठोकला आणि म्हणाला, कोण बघतंय. रंगाऱ्याने ठिपके काढले, लांब पापण्या काढल्या, तोंड हसरं केलं. मग टेप धरून अंगावर दोन रेघा मारल्या. छातीवरची नव्वद सेंटिमीटरची, मानेवरची एकशे चाळीसची. खालच्या रेघेच्या आत पोर फुकट. दोन रेघांच्या मध्ये अर्धं तिकीट, मनगटाला हिरवी पट्टी. वरची रेघ ओलांडली की फुल तिकीट, लाल पट्टी. पार्कच्या दृष्टीने तिथून पुढे पोर मोठं झालं, एकटं आत गेलं तरी हरकत नाही.

प्लायचा जो तुकडा उरला त्यातून सुताराने एक अस्वल कापलं. ते आत जहाजापाशी गेलं. जहाज म्हणजे एक प्रचंड झोका. झुलत झुलत इतका वर जायचा की पार्कच्या भिंतीवरून बाहेर दिसायचा. अस्वलाच्या पंजावरही एकशे चाळीसचीच रेघ, पण त्याचं म्हणणं उलटं. रेघेच्या खाली असाल तर चालते व्हा. आम्ही सख्खे भाऊ, एकाच टेपने मोजलेले, आणि मी म्हणायचो बुटकं असलेलं बरं, तर तो म्हणायचा उंच झाल्याशिवाय मजा नाही. यातून काय घोळ होणार हे पार्कवाल्यांच्या डोक्यात आलं नाही. पोरांच्या पहिल्याच दिवशी आलं.

माझ्यासमोर मोठी माणसं जितकं खोटं वागली तितकं दुसरीकडे कुठे वागत असतील असं मला वाटत नाही. बूट काढ. केसांचा अंबाडा सोड. मान आत घे. गुडघे सैल कर. एका काकांनी पुतण्याला पोटात कळ आल्यासारखं उभं राहायला सांगितलं, तर पोराने इतकं झकास केलं की पहारेकरी पाणी घेऊन धावला. हीच माणसं वाटेत गाडीमध्ये मुलांना प्रामाणिकपणावर भाषण देऊन आलेली असायची. खिडकीवाल्या बाईंना सगळं कळायचं. त्या चष्म्यावरून बघायच्या, जांभई द्यायच्या आणि म्हणायच्या, 'अर्धं'. तिकीट स्वस्त होतं तोवर हा सगळा खेळच होता. पोरं खिदळत वाकायची, आत गेल्यावर सरळ व्हायची.

त्या सुरुवातीच्या दिवसांत एका गॅरेजवाल्याचं कुटुंब टेम्पो भरून आलं. अकरा माणसं. अकरावी त्याच्या कडेवर होती, तान्ही. पुढे सगळे तिला टिंगी म्हणायला लागले, कारण ती वयाच्या मानाने बरीच वर्षं छोटी राहिली. टोळीचे म्होरके होते आजोबा, गॅरेजवाल्याचे वडील, शाळेतले निवृत्त पी.टी.चे मास्तर. चाळीस वर्षं मुलांना ताठ उभं राहा म्हणून ओरडलेला हा माणूस. टिंगी चालायला लागली, खालची रेघ तिच्या डोक्याला लागायला लागली, आणि यांनी तिला माझ्यासमोर वाकायची कवायत शिकवली. एक, मान. दोन, खांदे. तीन, गुडघे. मला लाज वाटायची, पण तोंड हसरं रंगवलेलं, करणार काय.

पुढे खिडकीवरच्या दराच्या पाटीवरचा आकडा दर उन्हाळ्याच्या सुट्टीत बदलायला लागला. जुन्या आकड्यावर नवा कागद चिकटवायचे. थरावर थर चढून आकडा पाटीतून बाहेर आला, फोड आल्यासारखा. आणि एका पाटीने किती माणसं आजारी पडतात ते मी डोळ्यांनी बघितलं. आधी टिंगीच्या आत्याला ऊन सोसेना. मग काकांचं बिऱ्हाड धरणावर जायला लागलं, तिथे गेट नाही म्हणून. मग आजीचे गुडघे दुखायला लागले. पुढच्या वर्षी टिंगीच्या आईला गरगरायला लागलं. मग तिच्या बाबांना सामान सांभाळायला कुणीतरी बाहेर थांबलं पाहिजे असं वाटायला लागलं. सामान म्हणजे दोन डबे आणि एक चादर.

आजोबांना मात्र काही झालं नाही. ते दरवर्षी आत. ज्येष्ठ नागरिकांना सवलत होती, आणि पाण्याच्या तळ्यात टायरवर पडून राहायला त्यांना फार आवडायचं.

गेटसमोर रस्त्यापलीकडे झाडीचं एक मैदान होतं. बाहेर राहिलेली माणसं तिथे चादरी टाकून बसायची. हळूहळू बऱ्याच घरांच्या आज्या, आया, काका तिथे जमायला लागले. कुणी पत्ते आणायचं, कुणी बॅडमिंटनची रॅकेट. कलिंगडाच्या फोडी या चादरीवरून त्या चादरीवर जायच्या. आत गाणी भोंग्यातून यायची, बाहेर माणसांच्या तोंडून, सूर चुकवत. माझं तोंड बाहेरच्या बाजूला होतं म्हणून हे सगळं मला दिसायचं. खरं सांगतो, मोठ्याने हसणं मी त्या बाजूने जास्त ऐकलं.

टिंगीला मात्र आत जायचं होतं. तिला टायर नको, घसरगुंडी नको, फक्त जहाज हवं होतं. अस्वल उंच म्हणेपर्यंत ती तीन वर्षं थांबली होती. आणि तिला अकरावं वर्ष लागलं त्या उन्हाळ्यात ती खरंच रेघेच्या वर गेली, बोटभर. पण गेटवर आजोबांनी सवयीने वाकवलं, तीही सवयीने वाकली, हिरवी पट्टी बांधून आत पळाली. अस्वलाला पाठ लावून ताठ उभी राहिली. जहाज चालवणाऱ्या मामांनी तिची उंची बघितली, मग मनगट बघितलं.

"गेटवर बुटकी आणि इथे उंच, असं कसं चालेल, बेटा?"

हे मामा संध्याकाळी खिडकीवर चहा प्यायला आले तेव्हा त्यांनीच सांगितलं. पोरगी रडली नाही म्हणे. दिवसभर जहाजाच्या कुंपणाला धरून उभी राहिली. आजोबा तळ्यात होते. निघताना त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की.

पुढच्या वर्षी आकडा असा काही उडाला की पहिल्या खेपेला अकरा जण ज्या पैशात आत गेले होते त्यात आता एकच फुल तिकीट यायला लागलं. गॅरेजवाल्याचं कुटुंब घरातलं भांडण सोबत घेऊनच रांगेत उभं राहिलं, त्यामुळे मला सगळं कळलं. आईचं म्हणणं, धरणावर जाऊ, पाणी फुकट, झाडं फुकट. बाबांचं म्हणणं, यंदा कुठेच नको. टिंगीने वाढदिवसाचे कपडे नको म्हणून सांगितलं होतं, शाळेची सहल नको म्हणून सांगितलं होतं. फक्त जहाज. मग आजोबांनी तोडगा काढला. बाकीचे बाहेर. ते सवलतीत, टिंगी अर्ध्यात, दोघांचं मिळून एका फुलच्या भावात काम. तोडगा सांगताना ते स्वतःवर इतके खूश होते की विचारू नका. अर्ध्यात गेली तर पोरीला जहाज मिळणार नाही हे त्यांच्या लक्षात नव्हतं. लक्षात असेल तर जास्तच वाईट.

टिंगीने सांगितल्याप्रमाणे चपला काढल्या, वेणी सोडली आणि माझ्याजवळ आली. टाचा माझ्या पायाला लावल्या. तिचे खांदे माझ्या लाकडाला टेकले तेव्हाच मला कळलं की आज काहीतरी वेगळं आहे. डोकं रेघेच्या दोन बोटं वर.

"गुडघे," आजोबा म्हणाले.

गुडघे जागचे हलले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि दाबला. मी चिडलो, पण मी प्लायवूड.

"टिंगे, मागे लाइन लागलीय."

"लागू दे. आजोबा, शाळेत कुणी वाकून उभं राहिलं तर तुम्ही काय करायचात?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आजोबा लाल झाले. म्हणाले, शाळेची गोष्ट वेगळी.

"मग इथली सांगा."

खिडकीवाल्या बाईंनी यावेळी चष्म्यावरून नाही, चष्म्यातून बघितलं आणि म्हणाल्या, "फुल." आजोबांनी मग मोठी माणसं हरली की काढतात ते शेवटचं अस्त्र काढलं. कुणीच जायचं नाही, चला परत. टिंगीचे बाबा नोटा हातात धरून उभे. दिवसभर ट्रकखाली आडवा पडून काम करणारा, कुठल्याही गिऱ्हाइकाला न भिणारा माणूस, पण बापासमोर अजून चड्डीत असल्यासारखा. टिंगी माझ्या अंगाला टेकूनच होती. तिचं काळीज धडधडत होतं, ते माझ्या ठिपक्यांपर्यंत येत होतं. आता संधी गेली तर कायमची गेली, हे तिला माहीत होतं. पुढच्या वर्षी तो कागद आणखी जाड होणार होता.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून आजी आल्या. चादर अर्धी अंथरून तशीच सोडून, तरातरा. इतक्या भराभर की सून तोंडाकडे बघत राहिली.

"आई, अहो गुडघे," ती म्हणाली.

"माझे गुडघे कधी दुखतच नव्हते," आजी म्हणाल्या. "तिकीट वाढलं त्या वर्षी दुखायला लागले." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आज तुमचे दुखताहेत असं समजा आणि चला बाहेर. मी इतकी वर्षं बसले, तुम्ही एक दिवस बसा."

खिडकीमागून हसू दाबल्याचा आवाज आला. टिंगीच्या बाबांनी नोटा आत सरकवल्या आणि अगदी हळू आवाजात, पण म्हणाले, "एक फुल."

लाल पट्टी बांधून पोरगी अशी सुटली की चपला माझ्या पायाशीच राहिल्या. पहारेकऱ्याने त्या घेऊन मागे धाव घेतली.

जहाज माझ्या पाठीमागे होतं, मला दिसणं शक्य नव्हतं. पण मला समोरचं मैदान दिसत होतं. आजी, आई, बाबा उभे, माना वर, आणि माना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बाजूच्या चादरींवरची अनोळखी माणसंही उठून बघायला लागली. आजोबा तेवढे पाठ फिरवून बसलेले, कलिंगडाच्या बिया मोजल्यासारख्या बाजूला काढत. मग भिंतीवरून आवाज आला. "आजीऽऽ." जहाज खाली गेलं, पुन्हा वर आलं. "आईऽऽ." मग "बाबाऽऽ." गॅरेजवाल्याने दोन्ही हात हलवले आणि मग बाही डोळ्यांवरून फिरवली. चौथ्यांदा आवाज आला, "आजोबाऽऽ."

ते उठले. चष्मा शोधतोय असं दाखवलं, चष्मा नाकावरच होता. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी एक हात वर केला, आणि मैदानातल्या पन्नासेक माणसांनी आरोळी ठोकली. मी त्यांना माफबिफ केलेलं नाही. पण ते बघितलं एवढं सांगतो.

ती नऊ वेळा जहाजात बसली म्हणे, बाकी कशाला हात लावला नाही. दर वेळी आधी अस्वलाला पाठ लावून उभी राहायची, मामा नको नको म्हणत असताना. दुपारी भूक लागल्यावर बाहेर आली, केसांचं पाखराचं घरटं झालेलं. आजीने डबा उघडला. टिंगी तोंडात घास कोंबत सांगत होती की वरून सगळं दिसतं, आणि आत माणसं थोडी आहेत, बाहेर केवढी तरी जास्त.

पार्कवाल्यांना हे दिसलं की नाही माहीत नाही. पुढच्या मोसमात त्यांनी अर्धं तिकीटच काढून टाकलं. दोन वर्षांवरच्या सगळ्यांना फुल. माझं काम संपलं. मला उपटून भंगाराच्या ढिगाशी टेकवलं, तेव्हा खिडकीवाल्या बाईंनी गॅरेजवाल्याला निरोप पाठवला आणि तो मला टेम्पोत घालून घेऊन गेला. आता मी रस्त्यापलीकडच्या मैदानात आहे, एका झाडाला दोरीने बांधलेला. एका डोळ्याचा रंग उडालाय. सुट्टीत इथे इतकी घरं येतात की चादरीला जागा मिळवायला सकाळीच यावं लागतं. धरणावर जाणारे काकासुद्धा येतात. आजोबा पोरांच्या शर्यती लावतात. स्वतः हरलेलं चालत नाही, म्हणून पंच होतात. टिंगी आता आजीपेक्षा उंच झालीय.

मोठ्या माणसांनो, आमच्यासारख्यांचं तुम्ही ऐकणार नाही हे माहीत आहे, तरी सांगतो. पोरांना सुट्टीत कुठे न्यायचं ते तुमचा खिसा बघून ठरवा, त्यात काही कमीपणा नाही. नाही जमत तर नाही जमत म्हणा, तोंडावर म्हणा. पोरांना ते कळतं. फक्त त्यांच्या डोक्यावर हात ठेवलात तर दाबू नका.

बरं, मी थांबतो. एक चिमुरडी माझ्याकडे येतेय. पाठ लावून उभी राहिली, आईला ओरडून सांगतेय की बघ, मी रेघेला लागले. टाचा चांगल्या चार बोटं वर आहेत तिच्या. मी बघितलंच नाही.