प्रॉम्प्टरची सात मिनिटं

"थांबा बाबा. परत खाली पाह्यलं तुमी."

सरिताने मोबाइलवरचं घड्याळ बंद केलं. बापूराव रामटेके अंगणात कडुनिंबाखाली उभे होते. त्यांच्यासमोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर सरिता बसली होती, दुसरी रिकामी होती. रिकामी खुर्ची म्हणजे निवड समितीच्या अध्यक्षबाई, असं तिने सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"मंग कुठी पाहू?"

"खुर्चीकडे. डोयात डोये घालून बोलाचं असते."

"खुर्चीले डोये कुठी हायेत वं?"

ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या अंजनाबाई सुपातून मान न उचलता म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाले, माह्या डोयात नाई पाह्यलं त्यायनं. खुर्चीच्या काय पाहतीन."

सरिता हसली नाही. तिने पुन्हा घड्याळ सुरू केलं. "पहिल्यापासून. सात मिनिटं म्हणजे साडेसहाच धरा."

बापूरावांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. "माझं नाव बापूराव रामटेके, राहणार सिंदेवाही. मी झाडीपट्टीच्या नाटकांत एकतीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं." आवाज खाली, सपाट, एका दमातला. कोणीतरी कानाशी येऊन निरोप सांगावा तसा. वाक्य संपलं की ते थांबत, आणि मग दुसरं वाक्य घेत.

सरिताला तो आवाज लहानपणापासून माहीत होता. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की बाप घरी दिसत नसे. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जायच्या. नट ऐन वेळी येऊन, नाटक करून दुसऱ्या गावाला निघून जायचे, तालमी करायला वेळ कोणाकडेच नसायचा. सगळं नाटक एका माणसाच्या जिवावर उभं राहायचं. मंचाच्या पुढच्या फळ्या कापून केलेल्या खड्ड्यात मांडी घालून, डोक्यावर पत्र्याचं झाकण घेऊन, वहीवर दिवा धरून तो माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येकाचं वाक्य प्रत्येकाला द्यायचा. राजाचं, राणीचं, दरोडेखोराचं, सासूचं. चौथीत शाळा सुटलेल्या बापूरावांचं वाचन पक्कं झालं ते त्या वह्यांवरच. आणि वाक्य द्यायचं ते कोरडं द्यायचं. त्यात रडणं घातलं तर नटाला ते शिळं मिळतं, राग घातला तर त्याचा राग बिचकतो. एकतीस वर्षं त्यांनी आवाजातून सगळं काढून टाकायचीच सवय केली होती. आता मुलगी सांगत होती की त्यात रंग भरा.

सरिता गावात संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या पोरींची तयारीही तीच करून घ्यायची. सादरीकरण कसं करायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस जिंकायचा, तीनच मुद्दे सांगायचे, चौथा सांगायचा नाही. तिने बापासाठी सहा स्लाइड केल्या होत्या. अडलं होतं ते फोटोंवर. वडशाच्या दोन कंपन्यांकडून तिने पावणेदोनशे फोटो मिळवले, पण एकातही बाप नव्हता. एका फोटोत मात्र नटीच्या पायापाशी, मंचाच्या कडेला, झाकणाखालून पिवळट उजेडाची चिरी दिसत होती.

"हा उजेड म्हणजे मी," बापूराव म्हणाले होते. तिने तोच फोटो पहिल्या स्लाइडवर टाकला.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाच्या यादीसाठी बापूरावांनी दोन वर्षं अर्ज केला होता. दोन्ही वेळा कागद परत आला, वर लाल शाईत शेरा: कलाप्रकार स्पष्ट होत नाही. पैशांचा विषय त्यांनी कधी फारसा काढला नाही, पण तो शेरा त्यांना खुपला होता. कागद आला त्या दिवशी ते दुपारचे जेवले नव्हते. यंदा समितीने नियम बदलला. प्रत्येकाने चंद्रपूरला येऊन सात मिनिटांत आपली कला सादर करायची. तालुक्याला जागा दोन होत्या आणि बोलावणं तिघांना होतं. त्यात सोमारीबाई गोंडी गाणी म्हणायच्या, त्यांचा आवाज ऐकून नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. म्हणजे जागा उरली एक.

आणि तिसरं नाव कोणाचं, हे तोवर घरात कोणाला माहीत नव्हतं. ते सायंकाळी स्वतःच सायकल ढकलत अंगणात आलं.

"काय गा बापू, खुर्च्यायसमोर उभा राहून काय करून राह्यला? लगन लावतं का त्यायचं?"

लटारू गुरनुले. अंगात अजून तोच रुबाब, केसांना कलप, गळ्यात रुमाल. वीस हंगाम झाडीच्या नाटकांतला राजा होता तो. आता बसस्टँडजवळ पानठेला चालवायचा आणि पान बांधतानाही मान तशीच ठेवायचा.

सायकल लावून तो थेट रिकाम्या खुर्चीत बसला.

"मलेई बलावलं चंद्रपूरले," तो म्हणाला. "सात मिनिटं. दरबाराचा परवेश करतो म्हनतो."

"कर न. तुहा हातखंडा हाय तो," बापूराव म्हणाले.

"हाय तं हाय. पन एक वाक्य याद असन तं शपथ. कधी याद केलंच नाई, तू होता न खाली." लटारूने पानाची पुडी काढून बापूरावांच्या हातावर ठेवली. "दाराआड उभा राहजो. सात मिनिटं देजो मले. तू नाई आला तं मी उभाच नाई राहत."

अंजनाबाईंचे हात सुपात थांबले. सरिता बापाकडे पाहत होती. एक शब्द बोलायचा होता फक्त, नाही. दोन अक्षरं. बापूरावांचे ओठ हलले. त्यांनी पानाची पुडी उलटीपालटी केली.

"वही हाय माह्याजवळ," ते म्हणाले. "दरबाराची."

लटारू गेल्यावर सरिता बराच वेळ लॅपटॉपचं झाकण उघडत-मिटत राहिली.

"एकच जागा हाय बाबा. तुमाले समजते न?"

"समजते."

"मंग काऊन हो म्हनलं?"

"तो खालीच पडन न वं," बापूराव म्हणाले. "मंधातच."

पुढचे चार दिवस अंगणात तालीम झाली ती लटारूची. खुर्च्यांसमोर तो गरजायचा, कडुनिंबाच्या बुंध्याआड उभे राहून बापूराव वाक्यं द्यायचे. शेजारच्या बाया कुंपणापाशी येऊन पाहायच्या. बापूरावांची सात मिनिटं राहिली ती रोज दिवेलागणीला, सरिता क्लासवरून आल्यावर. आवाज तसाच, नजर तशीच जमिनीकडे. तिने त्यांच्या समोर आरसा धरून पाहिला, कागद हातातून काढून घेऊन पाहिला, मागे भिंतीला टेकवूनही उभं केलं. "पाठ सरळ करा," ती म्हणायची. एकतीस वर्षं खड्ड्यात वाकलेली पाठ जेवढी सरळ व्हायची तेवढी ते करायचे आणि तिच्याकडे बघायचे, झाली का म्हणून.

गुरुवारी पहिल्या बसने बापूराव, सरिता आणि लटारू चंद्रपूरला पोचले. सभागृह थंड होतं, पंखे नव्हते, भिंतीतूनच गारवा येत होता. लांब टेबलामागे पाच माणसं, मधोमध अध्यक्षबाई. बाजूला कार्यालयाचा बाबू, त्याच्यापुढे टेबलावरची घंटी. ज्यांची पाळी व्हायची ते मागच्या ओळीत बसायचे.

सोमारीबाई डोळे मिटून गायल्या आणि सभागृहात कोणी खाकरलंसुद्धा नाही. मग लटारूचं नाव आलं.

बापूराव आधीच बाजूच्या दाराच्या पडद्याआड जाऊन उभे होते. वही उघडायची गरजच नव्हती. लटारूने रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि पडद्याआडून पहिलं वाक्य त्याच्याकडे गेलं. तिथून पुढे सरिताला बापाचा आवाज एकदाही ऐकू आला नाही. तिला फक्त लटारू ऐकू येत होता. तो दरबारात येरझारा घालत होता, प्रधानाला झापत होता, मेलेल्या मुलाचं नाव घेऊन सिंहासनाशी खाली बसत होता. रात्री वही चाळत बाप पुटपुटायचा तेव्हा हीच वाक्यं तिने चार दिवस कोरडी ऐकली होती. त्यांत एवढं काही होतं, हे तिला आज कळत होतं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. सातव्या मिनिटाला घंटी वाजायच्या आधी प्रवेश संपला, आणि समितीतल्या पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या.

"रामटेके, बापूराव," बाबूने पुकारलं.

बापूराव पडद्याआडून बाहेर आले. सरिताने लॅपटॉप जोडला. भिंतीवर नटीचे पाय आणि उजेडाची चिरी उमटली.

"माझं नाव बापूराव रामटेके, राहणार सिंदेवाही," ते म्हणाले, आणि थांबले.

टेबलामागची माणसं पुढे वाकली. एकाने कानाला हात लावला. बापूराव थांबूनच होते. त्यांच्या लक्षातही आलं नसावं की आपण थांबलो आहोत. वाक्य दिलं होतं, आता कोणीतरी ते म्हणायला हवं होतं.

मागच्या ओळीतून लटारू उभा राहिला.

"माझं नाव बापूराव रामटेके, राहणार सिंदेवाही," त्याने छातीतून आवाज काढून म्हटलं. भिंती दणाणल्या.

बापूरावांनी दुसरं वाक्य दिलं. तोंडातून निघूनच गेलं ते. लटारूने तेही घेतलं. तिसरं घेतलं. एकतीस वर्षांचा खड्डा, पत्र्याचं झाकण, थंडीत पडणारं दव, सगळं लटारूच्या गळ्यातून असं येऊ लागलं की एक सदस्य बाबूच्या कानाशी लागून लटारूचं नाव पुन्हा विचारू लागले. लटारूचे डोळे भरून आले होते. मित्रासाठी तो जीव तोडून बोलत होता. सरिता खुर्चीच्या कडेला आली. बापाने आता गप्प बसावं असंही तिला वाटत होतं, आणि गप्प बसले तर काय, हेही कळत नव्हतं.

अध्यक्षबाईंनी हात वर केला. "फार छान. पण आता त्यांना बोलू द्या. बाबा, तुम्ही नेमकं काय करता, ते तुमच्या शब्दांत सांगा. तीन मिनिटं आहेत."

लटारू बसला.

बापूरावांनी मान वर केली. प्रथमच त्यांनी टेबलामागच्या माणसांकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे. त्यांचे हात मागे एकमेकांत गुंतले होते. पाच सेकंद गेले, दहा गेले. घड्याळ सरिताच्या हातात पळत होतं. तिला राहवलं नाही.

"नट विसरला की," ती मागून कुजबुजली. "बाबा, 'नट विसरला की'…"

पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. कोणीतरी हसलं.

बापूराव वळले. समितीकडे पाठ करून ते मुलीकडे आले, दोन पावलं.

"मी इसरलो नव्हतो," ते म्हणाले. "थांबलो होतो."

सरिताने घड्याळावरून मान वर केली.

"हे ओळखाचं असते. नट इसरला का थांबला. इसरला तं त्याचे डोये खाली येते, माह्याकडे. थांबला तं डोये तिथीच राहते, श्वास तेवढा भरते तो. तवा शब्द नाई द्याचा. तवा शब्द देल्ला तं त्याचं सारं गेलं." ते तिच्याशी बोलत होते, खालच्या आवाजात, पण आवाज सपाट नव्हता. हात मागचे सुटून पुढे आले होते. "एकडाव नवरगावले एक बाई होती, पुनम नावाची. तिचं लेकरू मेलं होतं त्याच साली, खरं लेकरू. नाटकात पायना हालवाचा होता तिले. पायन्यापाशी आली अन् थांबली. किती थांबली म्हनतं? लोकं बसल्या जागी गोठले. मालक विंगेतून हातवारे करून राह्यला, दे म्हने, शब्द दे. मी नाई देल्ला. वही बंद करून टाकली. तिचं तिनं घेतलं मंग वाक्य. वहीत नव्हतंच ते."

"मोठ्याने बोला, बाबा," समितीतून कोणीतरी म्हणालं. "इकडे तोंड करा."

बापूरावांना ते ऐकू गेलं की नाही कोणास ठाऊक. सरिता पुढे वाकून ऐकत होती. घड्याळ चालू असलेला मोबाइल तिने कधी उलटा ठेवला, तिलाच कळलं नव्हतं.

"चांगल्या नटाले शब्द देनं कोनालेई येते," ते म्हणाले. "न देनं शिकाले मले अकरा वर्सं लागले."

घंटी वाजली. बापूराव वळले, टेबलाला नमस्कार केला.

"शेवटचं काही ऐकू आलं नाही," कानाला हात लावणारे सदस्य म्हणाले.

"तिले आलं," बापूराव म्हणाले.

अध्यक्षबाईंनी काही विचारावं तसा चेहरा केला, पण बाबूने पुढच्या तालुक्याचं नाव पुकारलं होतं आणि ढोलकी घेऊन एक माणूस आत येत होता. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेरच्या व्हरांड्यात दुपारी साडेतीनला बाबू निवड झालेल्यांचे छापील फॉर्म घेऊन आला. सोमारीबाईंचा अंगठा झाला. मग त्याने लटारूला हाक मारली. लटारूने एकदा बापूरावांकडे पाहिलं, एकदा फॉर्मकडे, आणि बाकावर बसला.

"बापू, अरे मी तं…"

"भर," बापूराव म्हणाले. "शेवटची बस चुकन."

बाबूने पेन उघडलं. "जन्मतारीख?"

लटारूने छाती भरून घेतली. मग त्याचे डोळे हळूहळू खाली आले आणि बाजूला वळले.

बापूराव खांबापाशी वाकून चप्पल घालत होते. "चौदा जून," त्यांनी वर न पाहता म्हटलं, "एकोणीसशे साठ."

"चौदा जून एकोणीसशे साठ," लटारूने खणखणीत आवाजात सांगितलं. बाबूने लिहून घेतलं.

पायऱ्यांवर सरिता लॅपटॉपची पिशवी घेऊन उभी होती. बापूराव तिच्याजवळ आले. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, त्यांना पुढे होऊ दिलं, आणि बसस्टँड येईपर्यंत त्यांना एकही शब्द दिला नाही.