आधी दिवा, मग माणूस

जमिनीखाली उतरायचं म्हटलं की लतिकाबाईंचे हातपाय गार पडत. लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत, त्यांच्या गल्लीत हे सब्जीवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. लखनौत मेट्रो आली तेव्हा अख्खं शहर हौसेनं तिच्यात बसून आलं. लतिकाबाई मात्र गाडी पुलावरून धावते तेवढंच अंतर गेल्या आणि बोगदा लागायच्या आत उतरून रिक्षानं घरी आल्या. यजमान मॉलच्या बेसमेंटमध्ये गाडी लावायला गेले की या भर उन्हात वर फुटपाथवर उभ्या. सांगली-कोल्हापूरकडचे पाहुणे आले की त्यांना इमामबाडा आणि तिथली खोल बावडी दाखवायला उत्साहानं न्यायच्या, आणि स्वतः बाहेर बसून सगळ्यांच्या चपला राखायच्या.

बाळकृष्णराव, म्हणजे त्यांचे यजमान, बँकेतून निवृत्त झाले तरी या विषयावरचे त्यांचे विनोद काही निवृत्त झाले नव्हते. "हिला एकदा पाताळात पाठवा, तिथले राक्षस चहा करून देतील," असं ते पाहुण्यांसमोर म्हणत. लतिकाबाई हसत. हसण्याशिवाय करणार काय? ज्याला कधी भीती वाटलीच नाही, त्याला ती समजावायला जाणं म्हणजे भिंतीशी गप्पा मारणं.

कारण हरिपूरचं होतं. सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा भेटतात तिथं त्यांचं माहेर. तिथल्या जमिनीत पेवं असत. पेव म्हणजे विहिरीसारखा खोल खणलेला खड्डा. वरून तोंड अरुंद, आत पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हळद महिनोन्महिने आत राहते, कीड लागत नाही, पण आतली हवा मात्र विषारी होऊन बसते. म्हणून पेव उघडलं की थोडा वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर कितीही घाई असो, कोणी पाय टाकणार नाही. हा नियम हरिपुरात पोराटोरांनाही पाठ होता. छोट्या लतिकालाही होता. पण लपाछपीच्या डावात राज्य घेणाऱ्याचे आकडे संपत आले होते, नुकतंच उघडलेलं पेव समोर होतं, आणि लपायला त्याहून झकास जागा गावात नव्हती. ती उतरली. पुढचं तिला आठवत नाही. हमालांनी दोरानं वर काढली तेव्हा ओठ निळे पडले होते, एवढं आईकडून ऐकलेलं. ती शुद्धीवर आल्यावर आईनं आधी दोन थोबाडीत मारल्या आणि मग मांडीवर घेऊन ती संध्याकाळभर रडली.

तर अशा या बाईंच्या पोटच्या पोरीनं तळघरातच नोकरी शोधावी, याला काय म्हणायचं?

अनघा लखनौतच वाढलेली. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. गोमतीकाठच्या एका जुन्या कोठीचं हॉटेल झालं होतं, तिथं ती कामाला होती. नवाबाच्या पदरी असलेल्या एका फ्रेंच माणसानं ही कोठी बांधली होती. त्या गृहस्थाला लखनौचा उन्हाळा सोसेना आणि वाइनशिवाय घास उतरेना. म्हणून त्यानं कोठीच्या खाली दुसरी कोठी खोदली, पिंपं आणि बाटल्या ठेवायला. तो गेला, नवाब गेले, आणि खाली मोडक्या खुर्च्या आणि वटवाघळं राहिली. अनघानं मालकांच्या, नैयर साहेबांच्या, मागे लागून लागून ते तळघर साफ करून घेतलं, कमानी दुरुस्त करवल्या. स्पेनमधल्या एका जुन्या घराण्याशी पत्रव्यवहार करून त्यांची वाइन मागवली. आता पहिला कार्यक्रम ठरला होता: पाहुण्यांना तळघर फिरवून दाखवायचं आणि तिथंच पारंपरिक स्पॅनिश वाइन चाखायला द्यायची.

"आई, तुम्हें आना ही है," अनघा म्हणाली. "दस-पंद्रह सीढ़ियाँ हैं, यार. बस."

"मी वर अंगणात थांबेन. तुझं सगळं ऐकू येईल मला."

"सुनने नहीं बुला रही. देखने बुला रही हूँ."

लतिकाबाईंनी पोळी लाटता लाटता मान फिरवली. लेकीनं काय उभं केलंय ते आपण कधी बघणारच नाही, हे त्यांना एकदम कळलं आणि फार वाईट वाटलं. उद्या नातवंडांची लग्नं व्हायची वेळ आली तरी आपण चपलाच राखत बसणार. "येते," त्या म्हणाल्या, आणि म्हणून बसल्यावर त्यांना रात्री जेवण गेलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी कोठीचं अंगण माणसांनी भरलं होतं. डॉक्टर, वकील, रेशमी शेरवानीतले दोघे-तिघे खानदानी लोक. लतिकाबाईंनी गर्भरेशमी जांभळी साडी नेसली होती. जिन्याच्या तोंडाशी अनघानं कोठीचा इतिहास सांगितला, मग स्पेनहून आलेल्या फेर्मीनची ओळख करून दिली. त्याच्याच घराण्याची वाइन आज ओतली जाणार होती. बुटका, जाड भुवयांचा, डोक्यावर काळी टोपी. "आइए," असं म्हणून अनघा दोन पायऱ्या उतरली आणि तिनं आईकडे हात केला. पहिलं पाऊल आईचं, हे तिनं ठरवूनच ठेवलं होतं.

लतिकाबाई जिन्याशी आल्या. खालून ओल्या चुन्याचा वास आला. पाय उचलेना.

माणसं थांबली. कुणी खोकलं. नैयर साहेब अदबीनं पुढे आले. "भाभीजी, घबराइए मत. नया एग्ज़ॉस्ट लगवाया है. हवा एकदम ताज़ी है."

"असेल. पंख्याच्या भरवशावर मी नाही उतरणार," लतिकाबाई मराठीतच म्हणाल्या, आणि मग ज्याची त्यांना स्वतःलाही अपेक्षा नव्हती ते तोंडून निघालं. "आधी दिवा सोडा. दिवा जळला तर उतरते."

अनघाचा चेहरा पडला. मागे कोणीतरी हसलं. बाळकृष्णराव कुजबुजले, "अगं, हे हरिपूर आहे का?"

"खड्डा तो खड्डाच. हरिपुरातला काय आणि लखनौतला काय."

फेर्मीननं अनघाला विचारलं, बाई काय म्हणतायत? अनघानं ओशाळून, जमेल तसं, त्याला सांगितलं. पेव, हळद, कंदील. फेर्मीन ऐकत गेला आणि त्याच्या भुवया टोपीपर्यंत चढल्या. मग त्यानं कपाळावर हात मारला आणि स्पॅनिश-इंग्रजीची भेळ करून धडाधड बोलू लागला. अनघा भाषांतर करता करता दमली. त्याच्या गावाच्या पोटात सगळ्या गुहाच गुहा, प्रत्येक घराखाली वाइनचं तळघर. द्राक्षरस फसफसायला लागला की विषारी हवा तळाशी साचते. त्याचा आजा मेणबत्ती गुडघ्याएवढ्या उंचीवर धरून उतरायचा. ज्योत मंदावली की मागे फिरायचा. बंद तळघर उघडताना मेणबत्ती आधी, हा तिथला नियमच. आजही ती लावावी असं त्याच्या मनात होतं, पण हिंदुस्थानातले लोक हसतील म्हणून तो गप्प बसला.

"हसले ना!" लतिकाबाई म्हणाल्या. "हसू देत."

मग काय विचारता! अंगणाच्या मधोमध तळघराचा हवेचा झरोका होता, विहिरीसारखा सरळ खाली गेलेला. त्याची लोखंडी जाळी उचलली. मांडववाल्याकडून सुतळी आली, पितळी थाळीत तेलाचा दिवा ठेवला. थाळी बांधायचं काम लतिकाबाईंनी कुणाला करू दिलं नाही. त्या आणि फेर्मीन झरोक्याच्या काठाशी गुडघे टेकून बसले आणि थाळी खाली सोडू लागले. शेरवानीवालेसुद्धा वाकून बघायला लागले होते.

दिवा निम्म्यावर गेला, आणि विझला.

नैयर साहेबांनी रुमालानं मान पुसली. अनघा तर रडकुंडीलाच आली. बाळकृष्णराव बायकोजवळ येऊन बसले. या खेपेला त्यांनी विनोद केला नाही. "चल लतिका, घरी जाऊ. तू इथवर आलीस हेच खूप झालं. कोणी नावं ठेवणार नाही."

खरंच कोणी ठेवली नसती. परत फिरायला याहून सबळ कारण कुठलं मिळणार? दिव्यानंच नाही म्हटलं होतं. लतिकाबाईंना सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणूनच त्यांना स्वतःचा असा काही राग आला, की त्यांनी नवऱ्याचा हात बाजूला केला.

त्या झरोक्यावर वाकल्या. दिवा कसा गेला, ते त्यांनी पाहिलं होतं. वाईट हवेत ज्योत मलूल होते, बारीक होत होत बसते. ही तर फडफडली आणि फुंकर मारल्यासारखी गेली. शिवाय आता वाकल्यावर गालाला गार झुळूक लागत होती. खाली वारा होता. वारा खेळतो तिथली हवा बसलेली नसते. हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, फक्त आजवर कुठल्याच झरोक्यावर वाकून बघायचा धीर झाला नव्हता.

"परत लावा," त्या म्हणाल्या. "बरणीत ठेवा. वाऱ्यानं गेलाय तो."

स्वयंपाकघरातून लोणच्याची काचेची बरणी आली, झाकणाशिवाय. तिच्या तळाशी मेणबत्ती बसवली आणि बरणी हळूहळू खाली गेली. निम्म्यावर ज्योत हलली, पण टिकली. मग खालच्या फरशीला काच टेकल्याचा आवाज आला. सगळे खाली बघत होते. ज्योत सरळ उभी होती.

लतिकाबाई उठल्या, साडीची धूळ झटकली आणि जिन्याशी गेल्या. फेर्मीननं हात पुढे केला. "नको," त्या म्हणाल्या, "दुसरी मेणबत्ती द्या." त्याच्या आज्यासारखी गुडघ्याशी मेणबत्ती धरून त्या उतरू लागल्या. मध्येच कुठंतरी ओठ निळे पडल्याचा भास झाला आणि त्यांनी जीभ फिरवून बघितली. पण हातातली ज्योत जळत होती, आणि ती जळतेय तोवर आपणही आहोत, एवढंच त्यांनी मनाला बजावलं. मग पायाला पायरी लागायची थांबली. सपाट फरशी लागली.

"पोचले!" त्या ओरडल्या. एवढ्या जोरात की कमानींतून आवाज घुमून आला.

वर टाळ्यांचा कडकडाट झाला. "वाह, भाभीजी, वाह!" माणसं धडाधड उतरली. फेर्मीननं टोपी काढून हातात धरली. अनघा आईला बिलगली आणि भर पाहुण्यांत हुंदके द्यायला लागली, तेव्हा लतिकाबाईंनीच तिला दटावलं, "डोळे पूस. लोक आलेत, दाखव त्यांना."

अनघानं दाखवलं, आणि काय दाखवलं! बाटल्या आडव्या ठेवायचे कोनाडे, पातळ लखौरी विटांच्या कमानी, त्या फ्रेंचाच्या वेळच्या पिंपांच्या खुणा फरशीवर तशाच. लतिकाबाई प्रत्येक कोनाड्याला हात लावून बघत होत्या. आपली पोरगी एवढी हुशार आहे हे त्यांना माहीत होतं, पण ती अशी रुबाबात चालते हे त्या आज पहिल्यांदा बघत होत्या.

मग पेले आले. पहिली पांढरी, कोरडी वाइन. लतिकाबाईंनी फक्त हुंगली. "भिजवलेल्या बदामाची साल," त्यांनी जाहीर केलं. फेर्मीननं मान डोलावली. दुसरी लाल. बाळकृष्णरावांनी घोट घेतला आणि जाणकारासारखे डोळे मिटले. त्यांना काय कळलं ते देव जाणे. लतिकाबाईंनी जीभ टेकवली आणि तोंड वाकडं केलं. "जांभळं बियांसकट कुटल्यासारखं लागतंय." शेरवानीतल्या एका बुजुर्गांनी पुन्हा घोट घेतला आणि म्हणाले, "जामुन! बिल्कुल दुरुस्त." मग तर एकेक जण पेला घेऊन लतिकाबाईंकडेच यायला लागला.

शेवटची वाइन काळी, दाट, पेल्याच्या भिंतीवरून हळू ओघळणारी. सुकवलेल्या द्राक्षांची, असं अनघानं सांगितलं. लतिकाबाईंनी आयुष्यात कधी दारूचा घोट घेतला नव्हता. नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि चक्क घोट घेतला.

"अगं, ही तर काकवी!"

काकवी म्हणजे काय, ते फेर्मीनला समजावणं आलं. ऊस, कढई, चुलवाण, गूळ व्हायच्या आधीचा दाट रस. त्यानं दोन्ही हातांनी लतिकाबाईंचा हात धरला आणि ती काकवी आपल्याला चाखायलाच हवी म्हणाला. "येईल हं माहेराहून बाटली," लतिकाबाईंनी शब्द दिला.

वर जेवण मांडलं गेलं. कबाबांचा वास आला तशी माणसं जिन्याकडे सरकली. नैयर साहेबांनी जाता जाता अनघाला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून असे कार्यक्रम दर शनिवारी होतील आणि ते सगळे तिच्याच हाती राहतील. बाळकृष्णरावांना तळघरात आता घाम फुटला होता. "निघू या का वर?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे."

फेर्मीनसुद्धा लतिकाबाईंच्या पेल्यात काळी वाइन बोटभर ओतून वर गेला. अनघा परत आली. "आई, चलो ना. सब ऊपर तुम्हारा इंतज़ार कर रहे हैं. तुम्हें घुटन नहीं हो रही?"

लतिकाबाई एका रिकाम्या पिंपावर पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी बाजूला सरकून लेकीला जागा करून दिली.

"आठ वर्षांची होते तेव्हा मला दोरानं वर ओढलं," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून मी नुसती वर वरच येतेय गं. आज बसू दे मला खाली."

अनघा आईला खेटून बसली.