मायाक्काच्या बोटांनी घडवलेला पाट

मी एक जुना लाकडी पाट आहे, सोंगट्या खेळण्याचा. माझ्या अंगावर भोकं आहेत, पटाशीचे व्रण आहेत, पण मला त्यांची लाज वाटत नाही. मित्रांनो, ते कसे आले ते ऐका.

१९७४ साली सोलापुरात चनबसप्पा मिस्त्रींनी मला घडवलं. एरवी ते मागाचे धोटे बनवत. एकदा अंध मुलींच्या वसतिगृहात खाटा दुरुस्त करायला गेले, तेव्हा खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसलेली दहा वर्षांची मायाक्का त्यांना दिसली. मेंढपाळाची पोर.

"खेळत का न्हाईस?" मिस्त्रींनी विचारलं.

"हितले खेळ डोळसांचे हायती," ती म्हणाली.

आठवड्याने मिस्त्री मला घेऊन आले. लाल-हिरव्या घरांनी मी नुसता झळकत होतो. मायाक्काने माझ्यावरून हात फिरवला. "मामा, रंग कुणासाठी दिलाय? मला समदं एकच लागतंय की."

मला फार राग आला. मिस्त्रींनाही आला असावा. पण ते मला परत घेऊन गेले आणि पटाशीने घराघराची कड खोदली. तिने पुन्हा नापास केलं, कारण चाचपताना सोंगट्या सरकत होत्या. मग प्रत्येक घरात भोक पाडलं, सोंगट्यांना खुंट्या बसवल्या. "आता माझी कंची आन् राजाबाईची कंची?" राजाबाई तिची मैत्रीण. मग एकीच्या सोंगट्यांची डोकी गोल झाली, दुसरीची चौकोनी. फाशावरचे ठिपके बोटांना लागतील असे खोदले गेले, आणि फासा खाटेखाली पळाला म्हणून मला चारी बाजूंनी कठडा आला. मिस्त्री घरी डोळ्यांवर पंचा बांधून बायकोशी खेळून बघत.

पाचव्या खेपेला मायाक्काने एकही खोट काढली नाही. तिने राजाबाईची सोंगटी मारली आणि अशी आरोळी ठोकली की स्वयंपाकीण धावत आली.

मग रोज खेळ, रोज भांडण. संस्थेच्या चिटणिसांना ते रुचलं नाही. त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. "बिचाऱ्या पोरी! त्यांना हरवता कशाला? सोंगटी मारणं काढून टाका. सगळ्या जिंकतील असं करा."

मिस्त्री मायाक्काकडे वळले. "तू सांग."

"मारायचं न्हाय तर खेळायचं कशाला? हरले तर हरले. बिचारी म्हणू नगा."

मिस्त्रींनी पटाशी पिशवीत टाकली. "साहेब, खेळ हिचा हाय. ही म्हणती तसाच ऱ्हाईल."

चिटणिसांनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पाहुणे येत, माझं कौतुक करत, निघून जात. वर्षभर मला एकाही बोटाचा स्पर्श झाला नाही. आवाज मात्र रोज येई, "साहेब, आमचा पाट द्या."

एका समारंभाला आलेले वकील म्हणाले, "खेळून तरी दाखवा." कपाट उघडलं. वकील स्वतःच मायाक्कासमोर बसले. डाव रंगात आला. तिची सोंगटी त्यांच्या टप्प्यात होती, फासाही मनासारखा पडला, तरी त्यांनी मुद्दाम दुसरीच सोंगटी पुढे सरकवली. मायाक्काने फासा चाचपला, माझ्यावरून बोटं फिरवली आणि ती थांबली. मग सगळ्यांदेखत तिने आपल्या सोंगट्या उपटल्या.

"तुमी मला मारायला पायजे होतं. दिसत न्हाय मला, पण कळतंय की. नीट खेळणार असला तर मांडते."

"मायाक्का, माफी माग!" चिटणीस ओरडले. तिने मान ताठ ठेवली.

वकील ओशाळले. "चूक माझी आहे. मांड, बाळ."

दुसरा डाव ते ईर्ष्येने खेळले आणि मायाक्का हरली. हरली आणि खळखळून हसली. "आता तिसरा!"

समारंभ संपल्यावर चिटणीस किल्ली घेऊन आले. मायाक्का मला मांडीवर घट्ट धरून बसली होती, भोवती राजाबाई आणि बाकीच्या मुली. कुणी हलेना. शेवटी चिटणीसच माघारी फिरले.

मित्रांनो, मला अधूनमधून तेल पाजा, ओलीपासून जपा, सोंगटी हरवली तर नवी करून घ्या. कुणासाठी खेळ करणार असाल, तर आधी त्याच्या हातात द्या आणि तो नको म्हणाला तर पुन्हा रंधा उचला. आणि खेळायला बसलात, समोरच्याची सोंगटी टप्प्यात आली, तर दया दाखवू नका. मारा!