दुसऱ्यांदा लावलेली डिस्क

दादा गेल्याला अकरा महिने झाले होते, तेव्हा वहिनीचा फोन आला.

"खोली रिकामी करतेय. त्याच्या गेमच्या डिस्क बघायला एक माणूस शनिवारी येणारे. तुला कॉपी करायच्या होत्या ना? बुधवार ते शुक्रवार ये, दहा ते दोन. एकही डिस्क घराबाहेर जाणार नाही."

मी हो म्हणायच्या आत तिनं फोन ठेवला होता.

आम्हा दोघींमधून विस्तव जात नाही हे सगळ्या नात्यात ठाऊक होतं. दादाच्या आजारपणात मी पुरेशी आले नाही असं तिचं म्हणणं. आले तेव्हा दारातूनच 'झोपलाय' सांगून तिनं मला परत पाठवलं, हे माझं. दादा होता तोवर आम्ही त्याच्यासमोर गोड बोलायचो. आता तीही सक्ती उरली नव्हती.

बुधवारी मी कॉम्प्युटर आणि तीन जुने डीव्हीडी ड्राइव्ह पिशवीत घालून गेले. या डिस्क साध्या दिसतात, पण बनवणाऱ्यांनी त्या मुद्दाम वेगळ्या तऱ्हेनं लिहिलेल्या. आपल्या कॉम्प्युटरमध्ये घातल्या की तो सरळ 'डिस्क रिकामी आहे' म्हणतो. मात्र काही जुने ड्राइव्ह असे निघतात की त्यांना आडमार्गानं विचारलं तर ते कच्चा मजकूर जसाच्या तसा बाहेर काढून देतात. भंगारवाल्याकडे चार महिने खेटे घालून मी असे तीन जमवले होते. त्यातला एकच खरा कामाचा.

वहिनी घरीच पडदे शिवायची. दादाच्या खोलीत तिनं आधीच एक शिलाई मशीन आणून ठेवलं होतं. मी टेबलावर सामान मांडलं आणि ती माझ्याकडे पाठ करून शिवायला बसली.

"चौदा वर्षं या डब्यांशी संसार केला मी," ती मशीनकडे बघतच म्हणाली. "माणूस बोलायचा यांच्याशी आणि जेवायला यायचा माझ्याकडे."

"मग द्यायच्या होत्या मला."

"तू मागितल्यास कधी? तू तर यादी करायला आलीस. तेराव्याला!"

ते खरं होतं. मी डब्या मोजायला घेतल्या.

साठेक डिस्क होत्या. माझ्यासारखे रिकामटेकडे जगभर आहेत आणि त्यांनी मिळून एक यादी ठेवली आहे: कोणता गेम जपून ठेवला गेलाय, कोणता नाही. दादाच्या साठांपैकी सातांचीच प्रत अजून कुणी काढलेली नव्हती. सहा फुटकळ होत्या. सातवी मात्र दादा नोकरीला होता त्या छोट्या कंपनीची. गेम पूर्ण व्हायच्या आत कंपनी बंद पडली आणि चाचणीसाठी काढलेल्या डिस्कपैकी ही एवढीच शिल्लक होती. गेममधल्या चुका शोधायचं काम दादाचं. शनिवारचा माणूस कशासाठी येतोय ते मला लगेच कळलं.

माझी नोकरी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये. शंका आली की तोच नमुना पुन्हा लावायचा, ही तिथली शिस्त माझ्या हाडीमांसी भिनलेली. डिस्कही मी दोनदा वाचते. कॉम्प्युटर प्रत्येक वेळी सगळ्या मजकुरावरून एक लांबलचक आकडा काढतो. दोन्ही आकडे जुळले तर प्रत खरी.

पहिल्या दिवशी वहिनीनं इस्त्री लावायला माझा प्लग काढला. पाऊण तासाचं काम पाण्यात गेलं.

"वहिनी, विचारायचं तरी!"

"माझ्या घरात प्लग काढायला तुला विचारू?"

गुरुवारी ती खोलीत आली ती फक्त खिडकी उघडायला. धूळ नको म्हणून मी ती लावून घेतली, तिनं पुन्हा उघडली. असं चार वेळा झालं. तरी दुपारपर्यंत सहा डिस्क दोन-दोनदा वाचून झाल्या. सगळे आकडे जुळले.

शुक्रवारी सातवी काढली. तिची डबी इतकी घट्ट होती की डिस्क वाकवूनच निघाली. मधल्या भोकाच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. मी ती नखानं चाचपली आणि ओरखडा असेल म्हणून सोडून दिलं. आजही ते नख मला आठवतं.

पहिल्यांदा अगदी सावकाश फिरवली. दोन ठिकाणी ड्राइव्ह अडला, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून पुढे गेला. बाराला दहा मिनिटं असताना प्रत पूर्ण झाली. पण त्या दोन जागी त्यानं बरोबर वाचलं की अंदाजपंचे, हे कळायला दुसरी फेरी हवी होती.

तेवढ्यात वहिनी दारात आली. "एक वाजता आवर. मला पडदे पोचवायला जायचंय."

"दोन म्हणाला होतात!"

"आता एक म्हणतेय."

"सावकाश लावली तर दीड वाजेल. अर्धा तास थांबा ना."

"एक प्रत झाली ना? मग?"

"एका प्रतीचा भरवसा काय?"

"तुला कशाचाच भरवसा नसतो. डॉक्टरांचा नव्हता, माझा नव्हता. मी त्याला औषधं वेळेवर देते का, हे शेजारी विचारून गेलीस तू!"

मला वाटलं होतं हे तिला कळलेलं नाही. माझे कान तापले. अशी पकडली गेले की मी हट्टाला पेटते. मी डिस्क पुन्हा आत सरकवली आणि वेग पुरा वाढवला.

ड्राइव्ह गुरगुरला, मग घरघरला, टेबल थरथरायला लागलं. थांबवायला हात पुढे केला तोच आत फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. ड्राइव्हचं तोंड उखडलं आणि चकचकीत तुकडे खाली शिवायला ठेवलेल्या कापडावर पडले.

वहिनीनं वाकून एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि माझ्यापुढे टेबलावर आपटला.

"झालं समाधान?"

"तुम्ही घाई केलीत म्हणून—"

"वेग मी वाढवला?"

"नाही."

"लाव म्हणाले मी?"

"नाही."

"उद्या ये. त्या माणसाला तुझ्या तोंडानं सांग."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शनिवारी न जाण्याचे शंभर बहाणे मनात आले, पण गेले. डिस्क गोळा करणारा तो माणूस मृदू बोलणारा, हातमोजे घालून आलेला. बाकीच्या डब्या त्यानं नुसत्या चाळल्या आणि हवी ती मागितली. वहिनीनं डब्यात भरलेले तुकडे पुढे सरकवले आणि माझ्याकडे बोट केलं.

"मी फोडली," मी म्हटलं. "मधे तडा होता. मला दिसला होता. तरी जोरात फिरवली."

"दिसला होता?" वहिनीच म्हणाली. हे तिला नवीन होतं.

"हो."

"प्रत आहे माझ्याकडे," मी त्या माणसाला सांगितलं. "पण एकदाच वाचलेली."

"प्रत घेऊन मी काय करू, बाई?" हातमोजे काढत तो म्हणाला. "बाकीच्या तर पैशाला पासरी मिळतात." चहालाही थांबला नाही.

तो गेल्यावर वहिनीनं उरलेल्या डिस्क दोन खोक्यांत भरल्या. मी मदतीला वाकले तर हात झटकला. दोन्ही खोके पायानं ढकलत तिनं दाराबाहेर नेले.

"उचल. तुला हवे होते ना? आणि पुन्हा या दारात दिसू नकोस."

"वहिनी, शेजाऱ्यांना मी विचारलं ते—"

"दिसू नकोस म्हटलं ना!"

दार लागलं. मी एकेक खोका जिन्यानं उतरवला. दुसऱ्याच्या वेळी वर शिलाई मशीन सुरू झाल्याचं ऐकू आलं.

रविवारी मी यादी उघडली. सहा गेमपुढे 'दोनदा वाचून जुळले' लिहिलं. मग सातवा गेम उरला. 'डिस्क जुनी असल्याने खराब झाली' असंही लिहिता आलं असतं, कोण बघायला येणार होतं? पण लॅबमध्ये सांडलेल्या नमुन्यापुढे आम्ही 'सांडला' असंच लिहितो. मी लिहिलं: 'एकदाच वाचलेली. दोन जागा संशयास्पद. पडताळणी शक्य नाही. तडा दिसत असूनही प्रत काढणारीने पूर्ण वेगाने फिरवली, डिस्क फुटली.'

संध्याकाळपर्यंत खाली अकरा जणांनी मला शिव्या घातल्या होत्या. एकानं विचारलं होतं, असल्या माणसांच्या हाती या वस्तू देतं तरी कोण? मी सगळ्या वाचल्या आणि एकही पुसली नाही.

मग वहिनीला तीच नोंद पाठवली, खाली फक्त 'शेजाऱ्यांना विचारायला नको होतं' एवढं जोडून. तिनं ते वाचलं हे मला दिसलं. उत्तर आलं नाही, आणि आजतागायत आलेलं नाही.