मी प्यायलेलं पाणी

मी एक जुना पाण्याचा पंप आहे. कोळशाच्या उघड्या खाणीच्या काठावर, पत्रे उडालेल्या शेडमध्ये पडून असतो. मित्रांनो, खाली दिसतो तो तलाव नव्हे. तो खाणीचा खड्डा. माझं सारं आयुष्य त्याच्या तळाशी गेलं.

ओतीव लोखंडाचं माझं अंग घडलं, वर निळा रंग चढला आणि मला खाली उतरवलं. जमिनीतून झिरपणारं पाणी ओढायचं आणि वर फेकायचं, एवढंच काम. तळ कोरडा राहिला तरच कोळसा निघणार, डंपर भरणार आणि बंदरातली जहाजं तो समुद्रापलीकडे नेणार. "हा आहे म्हणून खाण आहे," असं म्हणून साहेब माझ्या पाठीवर थाप मारत. मी फुगून जाई.

पण जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसतं. खाण खोल गेली, तसं काठावरच्या विहिरींचं पाणीही खोल गेलं. मला चालवणाऱ्या पंपवाल्याचं घर त्याच काठावर होतं. घरी आई एकटी. पाणी शेंदताना ती गायची, आणि तिचं गाणं त्याच्याही ओठांवर असायचं:

विहीरबाई, तुझ्या पोटी किती दाटला अंधार,
दोराला बांधते दोर, हाती येईना गं धार.

एकदा जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला.

"आज नुसती बादली वाजली रे. चिखल आला वर."

"दोर वाढव ना, आई."

"किती वाढवू? तुझा तो खादाड माझ्याआधी पिऊन बसतो."

"तो थांबला तर आपलं घर कशावर चालायचं?"

"आणि पाण्यावाचून कशावर चालतं, ते सांग. विहीर आहे तोवर मी इथे आहे, बाबा."

त्याने फोन ठेवला आणि मला बंद केलं. तळाशी पाणी साचू लागलं, तसा मुकादम धावत आला.

"काय रे, पंपाला रजा दिलीस का?"

"तापलाय तो, मुकादम."

"बंदरात जहाज उभं आहे. ते काय तुझ्या पंपाला वारा घालत बसणार?"

मुकादमाने मला हात लावला. मी गार होतो. पंपवाल्याने मान खाली घातली आणि बटण दाबलं.

त्या उन्हाळ्यात विहीर आटली. आई कामगारांच्या चाळीत राहायला गेली. नळाखाली ओंजळ धरून म्हणायची, "ह्या पाण्याची माझी ओळख नाही." शेवटच्या दुखण्यात तिने विहिरीचं पाणी मागितलं. त्याने नळाचं पाजलं आणि विहिरीचं म्हणून सांगितलं. तिने घोट घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. हे त्याने मला एकट्याला सांगितलं.

पुढे समुद्रापलीकडची मागणी सरली आणि खाण बंद झाली. मला वर ओढून इथे टाकलं. मग पाणी चढत आलं. खड्डा भरला, विहिरी भरल्या. घरं मात्र ओस होती. भर दुपारी, वारा पडला की, मला पाण्यावर बादली आपटल्याचा आवाज येतो. काठावर कुणीही नसतं.

परवा पंपवाला आला. केस पिकलेत त्याचे. विहिरीत वाकून हळूच म्हणाला, "आई, भरली गं."

विहीर म्हणाली, "भरली गं."

तो बराच वेळ कान देऊन उभा राहिला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तहान नसते, म्हणून आम्हाला पुरेही वाटत नाही. ते तुम्हालाच वाटावं लागतं. आम्हाला थांबवायचं बटण तुमच्या बोटाखाली आहे. शेंदणारी माणसं काठावर आहेत, तोवरच ते दाबा.