चरकापाशी रतनची जागा

मित्रांनो, मी उसाचा एक जुना लोखंडी चरक आहे. शेळगावच्या कालव्याकाठी, महिपतीच्या गुऱ्हाळामागे मी गंजत पडलो आहे. माझ्या जागी इंजिनावर फिरणारा नवा चरक आला असून त्याच्या धावत्या पट्ट्यापाशी मुले शिवाशिवी खेळत आहेत. ते पाहून माझ्या जिवास स्वस्थता नाही, सबब बोलतो.

सन एकोणीसशे एक्कावन्न साली मी बैलगाडीतून येथे आलो. मला कुंकू लावून नारळ फोडण्यात आला. माझ्या तीन लाटांमधून, म्हणजे लोखंडी रुळांमधून, ऊस पिळून रसाची धार लागे, तेव्हा लोक माझी वाखाणणी करीत. माझ्या माथ्यावरील लांब लाकूड बैल गोल ओढीत. खाली बसून ऊस घालणाऱ्या मोठ्या माणसास दर फेरीला मान वाकवावी लागे. लहान मुलाच्या डोक्यावरून मात्र ते लाकूड सुखाने जाई. एवढ्याच कारणास्तव त्या जागी मूल बसवण्याची रीत पडली होती. महिपतीने आपली नऊ वर्षांची कन्या रतन बसवली.

"वाकाया नगं, काय नगं. राणीवानी बसलीया!" गूळ शिजवणारे आबाजी कौतुकाने म्हणत.

दुसऱ्या हंगामात एके दुपारी तिने वाकडा ऊस आत रेटला. उसामागून तिची बोटे आली. मित्रांनो, मला ते कळले, परंतु मला थांबता येत नाही. महिपतीने बैल आवरले, तोवर आणखी पाव फेरी झाली होती.

तिची आई छबूबाई धावत आली. "अवं, गाडी जुंपा! इंदापूरच्या दवाखान्यात न्या!"

"एवढं आदण उतरू दे," महिपती उकळत्या काहिलीकडे पाहत म्हणाला. " काहिलीतला रस करपंल."

"करपू द्या की! पोरीचा हात हाय त्यो!"

"राख दाब, रगत थांबंल," आबाजी आपला वाकडा अंगठा नाचवीत म्हणाले. "माजं न्हाय का जुळलं?"

राख दाबली गेली. त्या दिवशीचा गूळ पिवळाधमक उतरला. गाडी तिसऱ्या दिवशी जुंपली, तेव्हा हात काळा पडला होता. त्याच दिवशी मुलीला आणले असते तर दोन बोटांवर निभावले असते, असे डॉक्टर म्हणाले. रतनचा उजवा हात मनगटापासून गेला.

पुढील हंगामी महिपती धाकट्या लेकीला, सारजाला, घेऊन आला. पाहतो तो रतन आधीच त्या जागी बसलेली.

"ऊठ, रतन. तुला न्हाय जमायचं."

"न्हाय उठत. सारजाला बसवायचं आसंल, तर आदी माज्यावरनं बैल हाका, अप्पा."

रतन वर्षभरात चार बोटे वाढली होती. जुंपलेले बैल हलताच लाकूड नेमके तिच्या कपाळाकडे आले. तिने मान वाकवली नाही. महिपतीने धावत जाऊन बैल धरले.

"मग आमी मोठ्यांनी दिसभर माना मोडायच्या व्हय गं?" आबाजींनी विचारले.

"खाली खड्डा घ्या की, आबा. खड्ड्यात बसलं तर कुनाचंबी डोस्कं लागत न्हाय."

महिपतीने कुदळ आणली. दुपारपर्यंत कमरेइतका खड्डा झाला आणि त्यात तो स्वतः उतरून ऊस घालू लागला. त्या हंगामात त्याने सारजाला माझ्याजवळ फिरकू दिले नाही.

मित्रांनो, तो खड्डा खणण्यास अवघा अर्धा दिवस लागला. इंजिनाच्या पट्ट्याभोवती काट्यांचे कुंपण घालण्यास तेवढाही लागणार नाही. मी लोखंड आहे, मला हाक मारता येत नाही. ती मुले अजून तेथेच धावत आहेत. तुमच्यापैकी कोणी तरी आधी जाऊन त्यांना बाजूला घ्या.